चर्चचं आहे, देऊन टाक

लग्नाला पंधरा दिवस झाले आणि पत्र आलं.
मंडळीचा शिक्का, खाली चक्रनारायणबाईंची सही.
हॉल, ऑर्गन, सफाई, घंटेवाल्याचा भत्ता,
एकूण रुपये सहा हजार पाचशे. येणे बाकी.

दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा.
तीस वर्षं मिलच्या हिशेबखात्यात काढलेला मी,
भोंगा शेवटचा वाजला त्या संध्याकाळीसुद्धा
रोकड जुळवूनच खुर्चीवरून उठलेला.
येणे बाकी? माझ्याकडे?

सत्त्वशीला म्हणाली, आधी पाणी भरा,
पाच दिवसांनी आलंय, तासाभरात जाईल.
मी पाइप धरून उभा. मनात
बाईंना सुनावायचं एक वाक्य रचत होतो,
फार चांगलं जमत आलं होतं,
तेवढ्यात पिंप भरून वाहू लागलं.
शेजारचे माग खडखडत होते. ते कधी कुणाचं ऐकून घेत नाहीत.

बार्शीला शांतवनला फोन लावला.
पाकीट दिलंस ना रे?
दिलं की दादा.
कुणाला?
चर्चला.
अरे, चर्चला म्हणजे कुणाच्या हातात?
हातात कशाला? पिशवीत टाकलं, दानाच्या.
तूच म्हणालास ना.

हो. मीच म्हणालो.
लग्नानंतरचा रविवार, फाटकाशी व्याह्यांची गाडी लागत होती,
तबिथा नव्या साडीत पाय जपून उतरत होती,
आणि मी कोटाच्या खिशातून पाकीट काढून
धाकट्या भावाला म्हणालो,
चर्चचं आहे, देऊन टाक.
चार शब्द. व्हाउचर नाही, पावती नाही.
मिलमध्ये असा कारकून मी उभा केला असता.

आणि त्याच्या पुढच्या रविवारी
उजगरे पाळकांनी वेदीवरून सांगितलं:
एका अज्ञात बंधूने सहा हजार पाचशे रुपये दिले,
स्मशानभूमीच्या कुंपणाचं काम आता अडणार नाही.
तेव्हा सगळ्यांत मोठ्यांदा आमेन म्हणालो तो मी.
परतताना रिक्षात सत्त्वशीलेला म्हणालो,
याला म्हणतात देणं. आपल्याला नाही जमलं कधी.
रक्कम कानावर पडूनही टाळकं चाललं नाही.

शनिवारी चर्चच्या ऑफिसात गेलो.
पंखा गरम वारा फिरवत होता.
बाईंनी ऐकून घेतलं, मध्ये बोलल्या नाहीत,
मग खणातून रबर लावलेला पाकिटांचा गठ्ठा काढला.
वर्षभराची सगळी ठेवतात त्या. रिकामी. तारखेप्रमाणे.
आमचं सापडलं. मागे सत्त्वशीलेचं अक्षर:
मोगरा सातशे. बांगड्या. करवलीची साडी, बदलून आणणे.

नोंद फिरवते, त्या म्हणाल्या. एका ओळीचं काम आहे.
खांब तेवढे आलेत, बघू काहीतरी.

खिडकीतून दिसत होते ते,
भिंतीला टेकवलेले सिमेंटचे खांब, नवे, अजून ओलसर वाटणारे.
त्या स्मशानभूमीत आई आहे.
नाताळात ठेवलेली शेवंती
दुपारपर्यंत कुणाच्या तरी शेळ्या खाऊन जातात,
आणि मी दर वर्षी मंडळीला नावं ठेवतो.

अर्धं फिरवा, मी म्हणालो.
बाकीचं भाडं तीन हप्त्यांत देतो.
तीन हजार दोनशे पन्नास, त्यांनी लिहिलं,
मग पेन थांबवून, गंभीर चेहऱ्यानं,
रजिस्टरला काय लिहू? अर्धा अज्ञात बंधू?
आधी त्या हसल्या. मग मी.
ते जमलेलं वाक्य कुठे गेलं, आठवेना.

पावती घडी करून वरच्या खिशात ठेवली.
घरी पोचलो तर सत्त्वशीला शेंगा भाजत होती.
सगळं सांगितलं. ती हलवत राहिली.
म्हणाली, पाकीट आणलंत का परत?
कोपऱ्यात मांडववाल्याचा नंबर होता.
नाही, म्हटलं. ते आता
मंडळीच्या दप्तरात गेलं, नंबर टाकून.